आवणीच्या आधी लस

इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाऊस स्थिरावला की भाताची आवणी सुरू होते आणि गर्भवती मजूर स्त्रीही चिखलात ओणवी राहते. महाराष्ट्रात फ्ल्यू बळावतो तोही याच दिवसांत. गर्भारपणी तो जिवावर बेततो, हे २००९ च्या साथीने जगभर दाखवले. सहा महिन्यांखालील अर्भकाला ही लस देता येत नाही. आईला टोचलेली लसच त्याचे कवच. शासनाने २०१५ साली गर्भवतींना ती मोफत देऊ केली, हे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. परंतु धनुर्वाताच्या लशीसारखे राष्ट्रीय कार्यक्रमातील स्थान तिला नाही. आणि खाजगी दवाखान्यात तिची किंमत म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी! प्रतिकारशक्ती येण्यास दोन आठवडे लागतात. तेव्हा मेअखेर ही लस तालुक्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली पाहिजे.