आधी उजेड ठरवा, मग रंग पास करा

‘प्रूफमध्ये असा रंग नव्हता’ हे चार रंगी छपाईच्या धंद्यातले नेहमीचे भांडण. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ असो, पैठणीचा कॅटलॉग असो की मसाल्याचे पाकीट. छापलेले शीट हातात पडले की पार्टी प्रूफ पुढे करते, छापखाना शाईची डेन्सिटी मोजून दाखवतो, डिझायनर आपल्या स्क्रीनकडे बोट करतो आणि शेवटी बिलातून काही रक्कम कापून प्रकरण मिटवले जाते. कागद, शाई, प्लेट, मशीन, मशीनमन यांपैकी कोणीही या चौकशीतून सुटत नाही. प्रूफ कुठल्या उजेडात बघून पास केले, हे मात्र कोणी विचारत नाही. ऑर्डर देताना कागदाचे जीएसएम लिहिले जाते, लॅमिनेशन ग्लॉस की मॅट तेही लिहिले जाते. मग रंग ज्याच्यावर सर्वस्वी अवलंबून आहे तो उजेड त्याच कागदावर का लिहू नये? तो लिहिलेला नसेल, तर प्रूफवरची सही ही नुसती सही राहते. रंगाबद्दल तिने काहीच ठरत नाही.

हा आग्रह नवा नाही. डिजिटल प्रूफ येण्याआधी फिल्मवरून प्रूफ काढण्याच्या ज्या पद्धती होत्या, त्यांचा सगळा कस उजेड मोजण्यातच होता. ड्यूपाँची क्रोमालिन किंवा थ्रीएमची मॅचप्रिंट या पद्धतींत अतिनील प्रकाशाने एकेक रंगाचा थर उमटवला जाई. दुसरा मार्ग रंगीत फोटो-कागदाचा. या कागदावर तीन संवेदनशील थर असतात. लाल प्रकाश पडला की सायन रंग तयार होतो, हिरवा पडला की मॅजेंटा आणि निळा पडला की पिवळा. निगेटिव्ह फिल्म वापरत असतील, तर शाई जिथे पडायची ती जागा फिल्ममध्ये पारदर्शक असते. सायनची फिल्म कागदावर घट्ट बसवून लाल फिल्टरमधून एक्स्पोजर द्यायचे, मॅजेंटाची ठेवून हिरव्यातून, पिवळ्याची ठेवून निळ्यातून आणि काळ्याची ठेवून तिन्ही प्रकाशांचे. मग कागद रसायनातून काढला की छपाईच्याच ठिपक्यांचे रंगीत प्रूफ हातात येते. त्यात शाईचा थेंबही नसतो. प्रूफचा प्रत्येक रंग म्हणजे कुठला उजेड किती वेळ दिला, त्याचा हिशेब.

आणि हा हिशेब फार काटेकोर होता. हिरव्या फिल्टरमधून निळा प्रकाश निसटला, तर मॅजेंटाच्या ठिपक्यात पिवळा मिसळतो आणि गुलाबी फूल शेंदरी दिसू लागते. पण छपाईची मॅजेंटा शाईसुद्धा शुद्ध नसते. ती हिरव्याबरोबर थोडा निळा प्रकाशही शोषून घेते. म्हणून फोटो-कागदावरचा मॅजेंटा शाईशी जुळावा यासाठी मॅजेंटाच्या फिल्मला हिरव्याबरोबर मोजून थोडे निळे एक्स्पोजर मुद्दाम द्यावे लागे. नको तिथे आला तो दोष, हवा तेवढा दिला तो उपाय. फरक फक्त मापाचा. एक्स्पोजर जास्त झाले तर रंग गडद होतोच, शिवाय ठिपकाही पसरतो. त्यात साध्या तारेच्या दिव्याचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरला, तर त्याचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो आणि जो उरतो तो अधिक तांबूस होतो. म्हणजे लाल एक्स्पोजर थोडे कमी होते, निळे बरेच कमी होते आणि वेळ तीच ठेवली तरी प्रूफचा तोल जातो. विजेचा दाब स्थिर ठेवणे ही इथे चैन नव्हती, ती कामाची पहिली अट होती.

आज फिल्म गेली, ते फोटो-कागदही गेले. इंकजेट प्रूफ काढताना कोणाला फिल्टर बदलावा लागत नाही. त्यामुळे उजेडाचा प्रश्नच सुटला, असा एक गोड गैरसमज पसरला आहे. वास्तविक प्रूफ तयार करतानाचा उजेड तेवढा सुटला. प्रूफ बघतानाचा तसाच राहिला. त्यासाठी आयएसओ ३६६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते सांगते की रंग डी ५० या प्रकाशात बघावा, म्हणजे साधारण ५००० केल्विनचा उजेड. प्रूफ आणि शीट शेजारी ठेवून ताडायचे असेल तर २००० लक्स, आणि छापील काम नेहमीच्या वापरात कसे वाटेल हे बघायचे असेल तर ५०० लक्स. भोवतालचा पृष्ठभाग चमक नसलेला, रंगाची छटा नसलेला राखाडी हवा. आपल्याकडे किती ठिकाणी प्रूफ असे बघितले जाते? बहुतेक प्रूफ पास होते ते कार्यालयातल्या पांढऱ्या एलईडीखाली, हिरवट भिंतीच्या खोलीत, नाहीतर थेट फोनवर. फोनचा ब्राइटनेस आपोआप बदलतो, रात्री तो निळा कमी करून पडदा पिवळसर करतो आणि त्यावर बघून ‘ओके, छापा’ असा निरोप जातो.

याने एवढे काय बिघडते, असे विचारणाऱ्याने कुंकवाचा लाल रंग आठवावा. स्वस्त पांढरा एलईडी म्हणजे आत निळा दिवा आणि त्यावर पिवळसर फॉस्फर. त्यात गडद लाल प्रकाश तोकडा असतो. त्याखाली लाल आणि मरून रंग मलूल दिसतात, म्हणून पार्टी ‘लाल वाढवा’ म्हणते आणि तीच साडी कॅटलॉगमध्ये दिवसाउजेडी भडक दिसते. दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शनाचा आकडा ८० लिहिलेला असतो, पण तो आठ सौम्य रंगांची सरासरी असतो; गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. दुसरी अडचण याहून फसवी आहे. प्रूफची शाई वेगळी, ऑफसेटची शाई वेगळी. दोन्ही एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. कागदही त्यात भर घालतो. जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाश घेऊन निळसर चमकतात. खिडकीपाशी पांढराशुभ्र वाटणारा कागद अतिनील नसलेल्या एलईडीखाली पिवळट वाटतो. अशा वेळी पार्टी आणि छापखाना दोघेही खरे बोलत असतात आणि तरीही भांडत असतात.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो हा: वाचक काही ५००० केल्विनच्या पेटीत बसून अंक वाचत नाही, मग हा सोहळा कशासाठी? पण मानक उजेड हा सर्वांत चांगला उजेड म्हणून निवडलेला नाही. दोन माणसांचे एकमत व्हावे म्हणून तो निवडलेला आहे. सराफाच्या दुकानातला काटा जसा दागिना कोण घालणार हे विचारत नाही, तसेच हे आहे. आधी मापाच्या उजेडात जुळवा, मग पाकीट दुकानाच्या फळीवर कसे दिसेल हे बघायला दुसऱ्या उजेडात अवश्य न्या. दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघावे, त्याहून खरे काय? दिवाळी अंकांची प्रूफे पास होतात तो काळ पावसाळा सरतानाचा. सकाळी ढगाळ आभाळाचा उजेड निळसर, संध्याकाळी उन्हाचा केशरी. एकाच खिडकीपाशी एकाच दिवसात दोन वेगळे निकाल लागतात, आणि सही मात्र एकच असते.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा आहे आणि तो वजनदार आहे. आता स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, रंगातला फरक आकड्यात मिळतो, डोळ्यावर विसंबायचे कशाला? पण छपाईतला तो आकडा डी ५० हा उजेड गृहीत धरूनच काढलेला असतो. यंत्र उजेडाची अट रद्द करत नाही, ती आपल्या पोटात घेऊन चालते. यंत्राने ‘जुळले’ म्हटले आणि आपण ते भलत्याच दिव्याखाली बघितले, तर दोष यंत्राचा नाही. उरला खर्च. प्रमाणित व्ह्यूइंग बूथ तालुक्याच्या छापखान्याला परवडेलच असे नाही, हे मान्य. पण डी ५० च्या प्रमाणित ट्यूब, राखाडी मॅट रंग दिलेला एक कोपरा, खिडकीला जाड पडदा आणि कंपनीने सांगितलेल्या तासांनंतर ट्यूब बदलण्याची शिस्त, इतक्याने निम्म्याहून अधिक वाद उगवणारच नाहीत. पाच हजार प्रतींचे एक मुखपृष्ठ पुन्हा छापायची वेळ आली, तर कागद, शाई आणि मशीनचे तास धरून होणारा खर्च या कोपऱ्यापेक्षा फार मोठा असतो.

म्हणून सुरुवात मोठ्या ग्राहकांनी करावी. पाठ्यपुस्तके छापून घेणाऱ्या बालभारतीसारख्या संस्था, प्रकाशक, संग्रहालये आणि जाहिरात संस्था यांनी छपाईच्या ऑर्डरवर एक ओळ वाढवावी: ‘रंगाचे प्रूफ व छापील शीट आयएसओ ३६६४ नुसार डी ५० उजेडात तपासले जाईल, फोनवर दिलेली मंजुरी फक्त मजकूर व मांडणीपुरती धरली जाईल.’ छापखान्यांच्या संघटनांनीही हीच ओळ आपल्या छापील अटींमध्ये घालावी, म्हणजे लहान मुद्रकाला एकट्याने पार्टीशी हुज्जत घालावी लागणार नाही. आणि अंकाचे, पत्रिकेचे किंवा पाकिटाचे प्रूफ समोर आले, तर ग्राहकानेही रंग चांगला की वाईट हे सांगण्याआधी डोक्यावर दिवा कुठला आहे ते विचारावे. उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.