लस द्या, हिशेबही मागा

१९६५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनची हायस्कुलातली पोरं होंडुरासच्या खेड्यांत गेली. आधी शिकली, मग पोलिओची लस दिली. वाचलेली लेकरं खरी. त्या कामाला नावं ठेवणारा करंटाच.

पण अमेरिकेत लस आली १९५५ साली. दहा वर्षांनीही ह्या खेड्यांतली लेकरं लशीविना का? हा सवाल न विचारता घरी परतणं म्हणजे दानधर्म. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याची मान खालीच.

१९७० साली न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये यंग लॉर्ड्सच्या पोर्टोरिकन पोरांनी सवाल विचारला. दारोदार जाऊन क्षयाची चाचणी केली. एक्स-रेची गाडीच ताब्यात घेतली अन् आपल्याच वस्तीतल्या माणसांच्या छात्या तपासून घेतल्या. पुस्तकातला क्षय जंतूपाशी संपतो. वस्तीतला कोंदट खोलीत, उपाशी पोटात मुक्काम ठोकतो.

आजही हायस्कुलात जागतिक आरोग्य शिकवतात, सेवेचं सर्टिफिकेट देतात. शिका, जरूर शिका. सेवाही करा. पण गटाराकाठची आपली खोली जगाच्या नकाशातच आहे. तिथं खोकणाऱ्या म्हातारीला आधी औषध पोचवा, मग म्युनिसिपालिटीच्या दारात उभं राहून विचारा : खिडकी कुठाय?