तलवारीचा थरार आणि चाकणचा वेढा

शिवजयंती जवळ आली की पिंपरी, भोसरी, आकुर्डीपासून थेट चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांतून ढोल-ताशांच्या जोडीने दांडपट्ट्याची पाती फिरू लागतात. पहिल्या पाळीवरून परतलेला तरुण फेटा बांधून मर्दानी खेळांच्या पथकात उभा राहतो आणि ज्या हाताने दिवसभर एकच नट आवळला त्याच हाताने ढाल पेलतो. हे दृश्य पाहून नाक मुरडणाऱ्यांची पुरोगामी वर्तुळात वाण नाही. ‘भूतकाळात रमण्याचा प्रकार’ असा शिक्का मारून ते मोकळे होतात. परंतु ज्या गोष्टीने हजारो कष्टकऱ्यांचे रक्त सळसळते तिची चिकित्सा करण्याऐवजी हेटाळणी करणे समाजवादी विचाराला शोभणारे नाही.

झुंजीचे आकर्षण पुरातन आहे. एकचक्रा नगरीत रोज एका घरावर बकासुराची पाळी येई आणि एक दिवस गाडाभर अन्नासह भीमच तेथे गेला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी श्वास रोखून ऐकली आहे. नारायण धारपांच्या कथांतील ‘समर्थ’ जेव्हा अमानवी शक्तींशी सामना देतो, तेव्हा मराठी वाचकाने अनुभवलेला रोमांच याच कुळीचा आहे. येथे दुष्टाव्याला एक निश्चित रूप असते, त्याच्याशी गाठ पडते आणि निकाल लागतो. कंत्राटी कामगाराच्या आयुष्यात नेमके हेच दुर्मीळ झाले आहे. त्याची नोकरी कोणी हिरावली हे त्याला सांगता येत नाही. ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी बाजारपेठेकडे, आणि बाजारपेठेला तर चेहराच नसतो. अशा माणसाला समोर उभा ठाकणारा शत्रू हवाहवासा वाटला, तर त्यात नवल ते काय?

राक्षसकथेचा एक प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. तिचा शत्रू माणूस नसतो, म्हणून त्याच्या वधाचे ओझे वाचकाच्या मनावर राहत नाही. धारपांचे पुस्तक मिटले की ती अघोरी शक्ती पुस्तकातच राहते. कोणी शेजाऱ्याच्या घरात तिला शोधत नाही. इतिहासाच्या पुनर्दर्शनाचे तसे नाही. तेथील शत्रू हाडामांसाचा होता. त्याला नाव होते, धर्म होता, सैन्यात पगारावर आलेले साधे शिपाई होते. राक्षसकथेचा साचा उचलून त्यात इतिहास ओतला की शत्रूचा असुर होतो आणि असुराला वारस शोधण्याची खटपट सुरू होते. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत ‘छावा’ या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना प्रज्वलित झाल्याचा उल्लेख केला. चित्रपट हे दंगलीचे एकमेव कारण ठरत नाही, हे खरे. तथापि पडद्यावरचा थरार पडद्यावरच राहतो, असे म्हणण्याचीही सोय उरली नाही.

याच पट्ट्यात, कारखान्यांच्या गराड्यात, चाकणचा संग्रामदुर्ग पडक्या तटानिशी उभा आहे. त्याची हकीकत या साच्यात बसत नाही. जून १६६० मध्ये शाहिस्तेखानाने या लहानशा भुईकोटाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याच्यापाशी तीनएकशे माणसे होती. भर पावसात सुमारे पावणेदोन महिने हा वेढा चालला. त्यातले बहुतेक दिवस खंदक, चिखल, भिजलेली दारू आणि जागरण यांत गेले. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला आणि ऑगस्टच्या मध्यास एक बुरूज उडवला. तरीही आतल्यांनी मातीच्या बांधाआडून दिवसभर खिंड लढवली. नंतर राव भावसिंह हाडा या मोगलांकडील रजपुताच्या मध्यस्थीने किल्ला खाली करून देण्यात आला. मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली. ती नाकारून तो महाराजांकडे परतला. पराभव, वाटाघाट, शत्रूने केलेली कदर आणि तरीही न विकलेली निष्ठा यांनी ही कथा भरलेली आहे. तलवारीचा खणखणाट त्या मानाने थोडा.

त्याच चाकणमध्ये, जवळजवळ त्याच तिथींना, २०१३ साली दुसरा वेढा पडला. २५ जून रोजी बजाज ऑटोच्या कारखान्यातील कामगारांनी संप पुकारला. कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकी १ रुपयाने कामगारांना द्यावेत, ही त्यांची एक मागणी होती. संप ५० दिवस टिकला आणि ऑगस्टच्या मध्यास ती मागणी पदरात न पडताच मागे घेतला गेला. या लढ्याचे पोवाडे झाले नाहीत. त्यात थरार कमी होता. किराणा दुकानातील उधारी, घरचे प्रश्न, प्रवेशद्वाराबाहेरचा पाऊस आणि बैठकांमागून बैठका होत्या. संपाच्या मागण्यांविषयी मतभेद असू शकतील. पण पगाराविना ५० दिवस एकमेकांना धरून राहायला जे लागते ते फिरंगोजीच्या माणसांना लागलेल्या गुणाहून निराळे नव्हे.

येथे चळवळीनेही स्वतःच्या घरात डोकावावे. ‘महागाईचा भस्मासुर’, ‘भांडवलशाहीचा राक्षस’ ही भाषा व्यासपीठांवरून वर्षानुवर्षे गाजली. तिने मोर्चे दणाणले. मात्र राक्षस एका घावात मरतो, ही अपेक्षाही तिनेच रुजवली. सोळाव्या दिवशी राक्षस मेलेला नाही असे दिसताच कार्यकर्ता खचतो, आणि अधिक सोपा, अधिक जवळचा राक्षस दाखवणाऱ्याच्या मागे जातो. कामगार वस्त्यांतून जे निशाण बदलले, त्याच्या कारणांत हेही एक आहे.

म्हणून मर्दानी खेळांना विरोध करण्याचे कारण नाही. त्यांत शिस्त आहे, सराव आहे, शरीराचा आनंद आहे. प्रश्न कथानकाचा आहे. इंग्लंडमध्ये १९६८ साली स्थापन झालेली ‘सील्ड नॉट’ ही संस्था तेथील सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या लढाया मैदानावर उभ्या करते. राजाचे आणि संसदेचे, दोन्ही पक्षांचे शिपाई होण्यास तेथे माणसे पुढे येतात, आणि लढाई संपल्यावर ‘मेलेले’ सारे उठून एकत्र घरी जातात. शत्रूचा वेष स्वतःच्या अंगावर चढवला की शत्रू हा माणूस होता, हे निराळे शिकवावे लागत नाही.

चाकण-पिंपरीच्या मंडळांनी आणि कामगार संघटनांनी मिळून एखाद्या वर्षी संग्रामदुर्गाचा वेढा साद्यंत उभा करावा. त्यात सुरुंग खणणारा बेलदार असावा, भिजलेला मोगल शिपाई असावा, मध्यस्थी करणारा भावसिंह असावा आणि किल्ला सोडून ताठ मानेने निघालेला फिरंगोजी असावा. टाळ्या कदाचित कमी पडतील. पण हरूनही न विकले जाणे म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाणाऱ्या तरुणाला उमगेल. आणि त्याच्या पुढच्या लढ्यात त्याला तेच उपयोगी पडणार आहे.