कुलूप कुणाला लावायचं?

कॉलेजच्या मुलामुलींच्या सुरक्षिततेचा विषय निघाला, की आपल्याकडे सगळ्यात आधी काय होतं ठाऊक आहे? मुलींच्या होस्टेलचं फाटक अर्धा तास आधी बंद व्हायला लागतं. घटना दिल्लीत घडो की कोलकात्यात, आमच्या इकडची एखादी रेक्टरबाई दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना चिकटवते आणि सगळ्यांना वाटतं, चला, काहीतरी केलं बुवा!

मला याचा राग येतो. या वयात रागावू नये म्हणतात, रक्तदाब वाढतो. पण हा राग जुना आहे. १९७० नंतरच्या त्या वर्षांत मी अमरावतीला बी.ए. करत होते. आमच्या होस्टेलचं फाटक दिवेलागणीला बंद व्हायचं. कॉलेजचं ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं असायचं, म्हणजे मुलांसाठी उघडं असायचं. संदर्भाची पुस्तकं घरी न्यायला मनाई, आणि बसून वाचायचं तर फाटक बंद. आम्ही मुलींनी ती पुस्तकं कधी वाचायची, हे कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. पन्नास वर्षं लोटली. दिवेलागणीचे साडेसात झालेत, काही ठिकाणी आठ. एवढीच काय ती प्रगती.

आता आमच्याच गावची गोष्ट घ्या. १० नोव्हेंबर २०२१. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, अंधार पडल्यावर, ग्रंथालयाकडून होस्टेलकडे निघालेल्या एका शिकाऊ डॉक्टरवर चाकूनं हल्ला झाला. त्याचा जीव गेला. वाचकहो, हा मुलगा होता. कुठं भटकायला गेला नव्हता, कुणाच्या भानगडीत पडला नव्हता. आम्ही शिक्षक जन्मभर मुलांना जे सांगत आलो, की ग्रंथालयात बसा, अभ्यास करा, ते तो करत होता. ग्रंथालय आवारातलं, होस्टेल आवारातलं, रस्ताही आवारातला. पोलिसांनी काही दिवसांत संशयितांना पकडलं. कारण निघालं ते क्षुल्लक वादाचं.

मग नेहमीचं सगळं झालं. विद्यार्थी रस्त्यावर बसले, राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी आंदोलन केलं, अधिष्ठात्यांना पद सोडावं लागलं. पण त्या पोरांच्या मागण्या काय होत्या, ते आठवा. आवारात दिवे लावा. कॅमेरे बसवा. पहारेकरी वाढवा. बाहेरच्या माणसांची ये-जा थांबवा. यातली एकही मागणी अशी नव्हती, की ती सुचण्यासाठी कुणाचा खून व्हावा लागावा. रस्त्यावर दिवा हवा, हे कळायला एमबीबीएस व्हावं लागत नाही.

आणि चौदाच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, त्याच रुग्णालयाच्या वॉर्डात एका रुग्णानं निवासी डॉक्टरांवर चाकू चालवला. पुन्हा आंदोलन, पुन्हा निवेदन. माझा मुद्दा इथंच आहे. आपल्याकडे घटना झाली की माणूस बदलतो, रस्ता तसाच राहतो. अधिष्ठाता गेले, दुसरे आले. पण कोणत्या खांबावरचा दिवा कधी गेला, कुणी कळवलं, किती दिवसांनी बसला, याची वही ठेवायचं कुणाच्या मनात येतं का?

तुम्ही म्हणाल, बाई, पहारेकरी वाढवले की झालं. मग मुंबईची गोष्ट ऐका. जून २०२३. चर्नी रोडचं सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं सरकारी मुलींचं वसतिगृह. आमच्या शेजारच्या अकोल्याहून शिकायला गेलेली अठरा वर्षांची पोर. चौथ्या मजल्यावर ती एकटी राहत होती. सुट्टीचे दिवस, इमारत जुनी, बऱ्याच मुली गावी गेलेल्या. तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं, असा संशय पोलिसांनी ज्याच्यावर घेतला, तो तिथंच पहाऱ्याचं आणि वरचं काम करणारा माणूस होता. त्यानं नंतर रेल्वेखाली जीव दिला. त्या माणसाच्या वागण्याबद्दल तिनं आधी घरी आणि मैत्रिणींजवळ सांगितलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

म्हणजे बघा. फाटक होतं, कुलूप होतं, पहाऱ्याचा माणूस होता. नव्हतं ते एवढंच, की एकट्या मजल्यावर पोरीला ठेवू नये हा विचार करणारं कुणीतरी, आणि तिची तक्रार कागदावर घेऊन त्याच आठवड्यात त्या माणसाला तिथून हलवणारं कुणीतरी. कुलूप लावून आपण पोरीला कुणाबरोबर आत कोंडतो, हे तरी पाहायला नको का?

कोलकात्यात ९ ऑगस्ट २०२४ ला आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीचं जे झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याला शिक्षा झाली तो पोलिसांसाठीच काम करणारा स्वयंसेवक होता. त्यानंतर तिथल्या सरकारनं काय काढावं? स्त्री डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नका! सर्वोच्च न्यायालयानं लगेच खडसावलं, की सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे, बायकांनी रात्री काम करू नये असं तुम्ही म्हणू शकत नाही. केरळात २०२२ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या मुली होस्टेलच्या साडेनऊच्या वेळेविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा तिथल्या न्यायमूर्तींनी विचारलं होतं, मुलींनाच का कोंडता, त्रास पुरुष देतात तर त्यांना कोंडा. मी हे पेपरात वाचलं तेव्हा शेजारच्या वहिनींना मुद्दाम हाक मारून वाचून दाखवलं.

आता नियमांचं. नियम नाहीत असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सहज चढता येणार नाही इतकी उंच भिंत. तिच्यावर काटेरी तारेची वेटोळी. येण्याजाण्याच्या वाटा तीन किंवा त्याहून कमी, प्रत्येक वाटेवर निदान तीन पहारेकरी, तेही सशस्त्र. बायोमेट्रिक हजेरी. वाचताना मला वाटलं, हे शिक्षणखात्याचं आहे की तुरुंगखात्याचं? पण त्याच कागदात चांगल्याही गोष्टी आहेत. तातडीचा मदत क्रमांक, समुपदेशन, आपत्तीत काय करायचं याचं प्रशिक्षण, दर तीन महिन्यांनी पालकांची बैठक. तीन महिन्यांनी! भिंत आणि कॅमेरा एकदा बसवला की फोटो काढता येतो, समितीला दाखवता येतो. प्रशिक्षण दरवर्षी नव्या मुलांना पुन्हा द्यावं लागतं, त्याचं उद्घाटन होत नाही. म्हणून भिंत होते आणि प्रशिक्षण राहून जातं.

शिवाय ही भिंतीची आणि कुलपाची हौस आग लागली की उलटते. सुरतेत २४ मे २०१९ ला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या वर्गाला आग लागली, २२ मुलं गेली, कितीतरी जणांनी खाली उड्या टाकल्या. दिल्लीत २७ जुलै २०२४ ला शिकवणीच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं बुडाली. आता आपल्या गावातल्या अभ्यासिका डोळ्यांपुढे आणा. दुकानांच्या वरचा मजला, जिना एकच आणि तो अरुंद, जिन्याखाली मोटारसायकली, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, आत लाकडी पार्टिशनं आणि कूलर. रात्री अकरापर्यंत पोरं मान खाली घालून बसलेली. महाराष्ट्रात आगीपासून बचावाचा कायदा २००६ चा आहे. इमारतीतली आगीची साधनं चालू आहेत, याचा दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. आपल्या पोराच्या अभ्यासिकेचा किंवा होस्टेलचा हा दाखला तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? होस्टेलच्या चॅनेल गेटची किल्ली रात्री कुणाच्या उशाखाली असते, हे तरी?

मी ज्या शाळेत होते तिथं पी.टी.चे सर आणि मी मिळून वर्षातून दोनदा शाळा रिकामी करायचा सराव घ्यायचो. घंटा सलग वाजली की दप्तर तिथंच टाकायचं, कोणत्या वर्गानं कोणत्या जिन्यानं उतरायचं हे ठरलेलं, मैदानावर हजेरी. पहिल्या वेळी पोरं खिदळली, दोघं पडली, एक वर्ग तर उलट्याच दिशेला गेला. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुकाट्यानं उतरली. खर्च काय आला? काहीच नाही. हे आठवीच्या पोरांना जमतं, तर इंजिनीअरिंगच्या का जमू नये?

अडचणीच्या वेळी ११२ लावा, रुग्णवाहिकेला १०८ लावा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण पुढे? "कुठं आहात?" विचारलं की पोर घाबरून कॉलेजचं नाव सांगते. गाडी येते मोठ्या फाटकाशी. आवार पन्नास एकरांचं. फाटकावरच्या नव्या माणसाला तीन नंबरचं होस्टेल कुठं ते ठाऊक नाही, मागच्या फाटकाला कुलूप. पावसाळ्यात आपल्याकडे साप निघतात, गावाबाहेरच्या होस्टेलांत तर हमखास, आणि साप चावलेल्या पोराची ती दहा-पंधरा मिनिटं फाटकाशीच जातात. प्रत्येक खोलीच्या दारामागे एक कागद लावायचा, इमारतीचं नाव, जवळचं फाटक, ओळखीची खूण, म्हणजे घाबरलेल्या माणसाला नुसतं वाचून दाखवता येईल. याला कुठलं अनुदान लागतं?

फाटकाबाहेर आमची जबाबदारी नाही, हे तर प्राचार्यांचं पाठ वाक्य. आयोगाच्या त्या सूचनांच्या नावातच आवारातल्या आणि आवाराबाहेरच्या सुरक्षिततेसाठी असं म्हटलंय, नाव तरी पूर्ण वाचावं. इथून जवळच, हिंगणघाटला, ३ फेब्रुवारी २०२० ला एका तरुण प्राध्यापिकेला कॉलेजला जाताना भर रस्त्यात पेटवलं होतं. आठवड्यानं ती गेली. आमच्या जिल्ह्यात घाटंजी, राळेगाव, मारेगावकडच्या कितीतरी पोरी रोज एस.टी.नं येऊन जाऊन शिकतात. माझ्या ओळखीच्या एकीचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि गावची शेवटची गाडी सव्वापाचची. एक तर प्रॅक्टिकल अर्धवट सोडा, नाही तर फाट्यावर उतरून अंधारात दोन किलोमीटर चाला. तिनं अर्ज दिला. कॉलेज म्हणालं, गाडीचं डेपोला विचारा. डेपो म्हणाला, कॉलेजला पत्र द्यायला सांगा. वेळापत्रकात तास पुढेमागे करणं हीसुद्धा सुरक्षाच असते, हे त्या कॉलेजात कुणाच्या गावीही नव्हतं.

आता पालक. मला कल्पना आहे, कुलूप पालकांनाच हवं असतं. माझ्याकडे दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारायला येतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, तेथचं गेट किती वाजता बंद होते?" एका बापानं मला सरळ सांगितलं, "पोरगी कोंडून ठेवली तं बरं, आमच्या जीवाले घोर नाही." मी त्याला हसले नाही. त्याच्या घरी मागे आणखी दोन पोरी आहेत. थोरलीचं काही बरंवाईट झालं तर धाकट्या दोघींची शाळा सातवीतच थांबणार, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. त्याची भीती खरी आहे. पण कुलपानं ती जाते कुठं? पोरीवर काही प्रसंग आलाच तर ती तोंड उघडणार नाही, कारण पहिला प्रश्न तिलाच येणार: "त्या वेळी तू तिथं काय करत होतीस?" जिथं उशीर हाच गुन्हा असतो, तिथं तक्रार करायला कोण धजेल? मग होस्टेलच्या अहवालात छापून येतं, एकही तक्रार नाही, वातावरण सुरक्षित.

तेव्हा पालकांनो, या जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा फाटकाची वेळ सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, ग्रंथालयापासून होस्टेलपर्यंत रात्री दिवे असतात का, आणि जमलं तर अंधार पडल्यावर तेवढं अंतर स्वतः चालून पाहा. रात्रीच्या पहाऱ्यावर बाई आहे का? होस्टेलात ठेवलेल्या माणसांची पोलिसांकडून पडताळणी झालीय का? आग लागली तर दुसरी वाट कुठली, आणि तिची किल्ली कुणाकडे? सुट्टीत मजल्यावर एकटी पोर उरली तर तिला कुठं हलवता? तक्रारवही मागा, आणि त्यात शेवटची तक्रार कधीची आणि तिचं पुढे काय झालं ते बघा. साहेब लोक वैतागतील, वैतागू द्या.

सरकारी कॉलेज असेल आणि तोंडी सांगत नसतील, तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहायचा, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावायचं. गेल्या तीन वर्षांत आवारातल्या दिव्यांबद्दल आणि पहाऱ्याबद्दल किती लेखी तक्रारी आल्या आणि प्रत्येकीवर कोणत्या तारखेला काय केलं, एवढंच विचारायचं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देईन. दुपारी दोन ते चार मात्र येऊ नका, मी झोपते.