गुग्गुळ लिहून देण्याआधी

रुग्णाने लिपिड प्रोफाइलचा कागद पुढे केला की आपल्यापैकी अनेकांचा हात सवयीने मेदोहर गुग्गुळाकडे जातो. या सवयीला पुराव्याचा आधार किती, हे एकदा तपासून घ्यायला हवे.

सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचा धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. त्यांचा प्रबंध 1966 सालचा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ‘गुगुलिपिड’ हा प्रमाणित अर्क सिद्ध केला. 2002 मध्ये ‘सायन्स’मधील शोधनिबंधाने दाखवले, की यातील गुग्गुलस्टेरॉन यकृतातील एफएक्सआर या ग्राहकाला अटकाव करते. इथवरचे आपण व्याख्यानांतून हौसेने सांगतो.

त्यानंतरचे मात्र टाळतो. 2003 मध्ये ‘जामा’त अमेरिकेतील 103 जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनंतर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल चार-पाच टक्क्यांनी वाढले होते आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले होते. ‘तो नुसता अर्क, आमचा गुग्गुळ त्रिफळा काढ्यात शोधलेला,’ हे आपले ठरलेले उत्तर. ते बरोबर असूही शकेल. पण शोधनाने फरक पडतो म्हणायचे, तर ते दाखवणारे आकडे आपल्या दप्तरात हवेत.

दुसरी बाब रोजच्या चिकित्सेतली. निरोगी व्यक्तींना गुगुलिपिडसोबत प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम दिल्यावर रक्तातील त्या औषधांची पातळी घटलेली आढळली आहे. रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, हे रुग्णाला विचारल्याशिवाय गुग्गुळ देणे धोक्याचे आहे.

तिसरी बाब मालाची. कच्छ-राजस्थानातले गुग्गुळाचे झुडूप आज अतिसंकटग्रस्त आहे. जास्त डिंक निघावा म्हणून खोल चिरा देऊन त्यांत रसायन भरले जाते, आणि झुडूप वाळून जाते. टंचाई आली की भेसळ आलीच. गरम पाण्यात दुधाळ होतो का, एवढ्या जुन्या परीक्षेवर आता भागणार नाही; पुरवठादाराकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

वैद्यमित्रांना विनंती एवढीच: गुग्गुळ सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी लिपिड तपासा, कल्प, मात्रा व चालू औषधे रुग्णपत्रिकेत लिहा. गुण न आलेले रुग्णही नोंदवा. अशी रुग्णवृत्ते हे मासिक आनंदाने छापील.