पंप सारखा चालू-बंद होतो?

नळाला जोर यावा म्हणून बसवलेल्या प्रेशर पंपाचा स्विच पाण्याच्या दाबावर चालतो. दाब २० पौंडांवर उतरला की पंप सुरू, ४० वर चढला की बंद, असे गणित बहुधा असते. नळ उघडताच पंप दर दोन-चार सेकंदांनी चालू-बंद होऊ लागला, तर लगेच स्विच बदलू नका. बहुतेक वेळा पंपाजवळच्या छोट्या टाकीतली हवा कमी झालेली असते. दुर्लक्ष केल्यास स्विचचे पॉइंट जळतात, मोटारही जळू शकते.

मेन स्विच बंद करून नळ उघडा, पाणी थांबेपर्यंत वाहू द्या. मग टायरच्या गेजने टाकीतली हवा मोजा. पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा ती २ पौंड कमी, म्हणजे १८ हवी. कमी भरल्यास फूटपंपाने भरा. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आले, तर आतला रबरी फुगा फाटला समजा. स्विचचे झाकण मात्र वायरमनलाच उघडू द्या.