डोळ्याचा रंग बदलला; नजर कधी बदलणार?

१६ एप्रिल २०२४. बाबासाहेबांच्या जयंतीला दोन दिवस उलटले होते आणि लोकसभेच्या पहिल्या टप्प्याच्या मतदानाला तीन दिवस उरले होते. त्या दिवशी डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला. टीका झाली तेव्हा प्रसार भारतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितले की हा रंग भगवा नाही, नारिंगी आहे आणि तो दिसायला आकर्षक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बीएसएनएलचा लोगोही त्याच रंगात न्हाऊन निघाला. आता हा निव्वळ योगायोग आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याच्या भाबडेपणाला जय भीम!

आपल्यातले काही मित्र म्हणतात, "लोगोवर कशाला वेळ घालवायचा? पोटाचे प्रश्न काय कमी आहेत?" मराठवाड्यातल्या माणसाने तरी असे बोलू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात एका विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि इथल्या गावागावांत आपल्या वस्त्या पेटल्या. 'फक्त नावाचा' तो प्रश्न सुटायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तेही नामांतर झाले नाही, नामविस्तार झाला. आपण राहतो त्या अंबाजोगाईलाच निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. नाव आणि चिन्ह बदलते तेव्हा सत्ता बोलत असते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

म्हणून लोगोचा इतिहास आपण नीट वाचला पाहिजे.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता. १९७६ मध्ये दूरदर्शन वेगळे झाले आणि त्याला स्वतःचे चिन्ह हवे झाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याचे रेखाटन निवडले गेले. मधोमध एक गोल आणि त्याला दोन बाजूंनी वेढणारे दोन बाक, म्हणजे माणसाचा डोळा. पडद्यावर ते बाक फिरत फिरत एकत्र यायचे आणि पंडित रविशंकर व उस्ताद अली अहमद हुसेन यांची धून वाजायची. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ती धून अजून कानात आहे.

पण तारीख विसरू नका. १९७६ म्हणजे आणीबाणी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना या 'डोळ्याने' पहिल्यांदा देशाकडे पाहिले. हा डोळा तेव्हाही सरकारचाच होता. म्हणून आज भगव्या रंगावर बोट ठेवणाऱ्या काँग्रेसवाल्यांच्या मागे आपण टाळ्या वाजवत जायचे कारण नाही. मालक बदलला म्हणून रंग बदलला. डोळ्यामागचा मेंदू तोच राहिला.

आता ब्रीदवाक्याकडे बघा. आकाशवाणीचे ब्रीद आहे 'बहुजन हिताय बहुजन सुखाय'. हे शब्द तथागत बुद्धांचे. भिक्खूंना लोकांमध्ये चारिका करायला पाठवताना त्यांनी ते उच्चारले. आकाशवाणीपासून वेगळे होताना दूरदर्शनने मात्र हे ब्रीद सोबत नेले नाही. त्याच्या डोळ्याखाली आले 'सत्यं शिवं सुंदरम्'. या तीन शब्दांशी आपले भांडण नाही. पण 'बहुजन हिताय' म्हटले की लगेच प्रश्न विचारता येतो : कोणत्या बहुजनाचे हित? किती झाले? दाखवा! 'सुंदरम्' म्हटले की हिशेब मागता येत नाही.

आणि हिशेब मागितला तर काय निघते? जानेवारी १९८७ पासून याच डोळ्याने देशाला 'रामायण' दाखवले, मागोमाग 'महाभारत'. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा पुन्हा 'रामायण'च काढले गेले. बाबासाहेबांच्या जीवनावर मराठीत रोजची मालिका घराघरात पोचली ती २०१९ मध्ये, आणि ती दाखवली स्टार प्रवाह या खासगी वाहिनीने. ज्या महाराष्ट्राच्या सरकारने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपाने छापायला घेतली, तिथल्या सार्वजनिक वाहिनीला हे का सुचले नसावे? दूरदर्शनचा खर्च आपल्या करातून चालतो, म्हणून हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे.

अंबाजोगाईत दूरदर्शनचे उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. त्या मनोऱ्याच्या जिवावर आजूबाजूच्या गावांत छपरावर अँटेना लागल्या. पण या मनोऱ्याचे काम काय होते? दिल्ली-मुंबईहून आलेले चित्र पुढे ढकलणे. अंबाजोगाई ऐकत राहिली, पाहत राहिली, बोलली नाही. पुढे प्रसार भारतीने देशभर जुने अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने गुंडाळले आणि अँटेनाच्या जागी छत्री आली. आज मासिक भाडे न भरता टीव्ही बघणारे घर म्हणजे डीडी फ्री डिशचे घर. ऊसतोड करणाऱ्याचे, रोजंदारीवर जाणाऱ्याचे, आपल्या वस्तीतले. मोबाईलवर दहा वाहिन्या पडताळून पाहणाऱ्याला लोगोच्या रंगाने फरक पडत नसेल. ज्याच्या घरी फुकटात मिळते तेवढीच खिडकी आहे, त्याला पडतो.

खासगी वाहिन्यांचे लोगो काय सांगतात तेही पाहू. अल्फा मराठीची झी मराठी झाली. स्टार माझा २०१२ मध्ये एबीपी माझा झाला. ईटीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. प्रत्येक वेळी नवा लोगो, नवी धून आणि नवी घोषवाक्ये. पाटी उद्योगसमूहाच्या सोयीने बदलली. प्रेक्षकाने मागितले म्हणून काही बदलले नाही. न्यूजरूममध्ये कोण बसतो, हेही बदलले नाही. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठांची पाहणी झाली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलॉन्ड्रीने पुन्हा मोजले. नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण आणि अनुसूचित जाती-जमातींचे शून्य. तेरा वर्षांत कितीतरी लोगो बदलले, हे शून्य काही बदलले नाही. आपल्याला खरा आक्षेप घ्यायचा असेल तर या शून्यावर घ्यावा लागेल.

याच्या अगदी उलट उदाहरण बाबासाहेबांनी घालून दिले आहे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९२८ ला 'समता', १९३० ला 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. ही पाच नावे ओळीने वाचा. ज्याला वाचा नाही तो, ज्याला वाळीत टाकले तो, मग समतेची मागणी, मग सगळी जनता आणि शेवटी प्रबुद्ध माणूस. चळवळ पुढच्या टप्प्यावर गेली तेव्हा नाव बदलले. नावाआधी आशय बदललेला होता. ब्रँडिंग हा शब्द आज व्यवस्थापनाचे विद्यार्थी घोकतात. तो कसा जगायचा हे बाबासाहेबांनी भांडवल नसताना दाखवले.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. एके काळी तालुक्याच्या ठिकाणी केबलवाल्याचे लोकल चॅनेल असायचे, आज यूट्यूब चॅनेल आहेत. त्यात आपल्या तरुणांची चॅनेलेही पुष्कळ आहेत. निळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात अशोकचक्र, वर बाबासाहेबांचे चित्र आणि हातात लोगो लावलेला माईक. हा माईक साधी गोष्ट नाही. ज्या पत्रकार परिषदेत आपल्याला कोणी आत घेत नव्हते, तिथे हा माईक टेबलावर ठेवला की खुर्ची मिळते. नागपूरहून लॉर्ड बुद्धा टीव्ही आणि आवाज इंडियासारख्या वाहिन्या उभ्या राहिल्या, ही लहान गोष्ट नाही.

पण निळ्या लोगोखाली काय चालले आहे? बऱ्याच ठिकाणी भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, दादांचा पक्षप्रवेश आणि जयंतीच्या डीजेचे थेट प्रक्षेपण. वस्तीगृहातल्या जेवणाची बातमी नाही, शिष्यवृत्ती अडकल्याची नाही, अॅट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदार का फुटले याचा पाठपुरावा नाही. ज्या पुढाऱ्याच्या जाहिरातीवर चॅनेल चालते, त्याच्याविरुद्ध प्रश्न विचारला जात नाही. मग त्यांच्या भगव्या डोळ्यात आणि आपल्या निळ्या माईकमध्ये फरक काय उरला? निळा रंग ही आपली जबाबदारी आहे. तो लावला की बहुजनांच्या हिताचा हिशेब देणे आलेच.

तेव्हा मित्रांनो, दोन कामे करू. पहिले, माहितीचा अधिकार वापरू. प्रसार भारतीत आणि मुंबई केंद्रात वृत्तविभागात, निर्मितीत, कंत्राटी नेमणुकांत अनुसूचित जाती-जमातींचे किती लोक आहेत, आरक्षित जागा किती वर्षे रिकाम्या आहेत, ते लेखी मागू. उत्तर आले की ते प्रसिद्ध करू, नाही आले तर अपील करू. दुसरे, अंबाजोगाईत ज्यांच्या हातात माईक आहे त्यांनी आठवड्यातून एक तरी बातमी अशी करावी, जिला जाहिरातदार नाही पण जिची वस्तीला गरज आहे. खर्चासाठी पाच-दहा रुपयांची वर्गणी काढू. बाबासाहेबांची पत्रेही वर्गणीदारांच्या भरवशावर निघत होती.

लोगो कोणत्याही रंगाचा असो, त्यातून आपण दिसतो का आणि बोलतो का, हे मोजत राहू.

जय भीम! जय संविधान!